खुर्च्यांचं रिंगण नि चंदरचं खाचर

शप्पथ! आधीच ओरडून सांगते, म्हंजे मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनापण ऐकू जाईल. ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझा भात जन्मभर करपो, उरलेले दात हितंच ओटीवर गळून पडोत, नि शेजारच्या हितेशच्या बायकोला माझ्यापेक्षा चांगली सुकटीची चटणी जमो. याच्यापुढची मोठी शप्पथ माझ्याकडं नाय.

मी अंबूबाई. धसईच्या रस्त्याला आमची संस्था हाय, तिच्या स्वयंपाकघरात मी. संस्था काय करते? तर पाळणाघरं चालवते. आवणीला, म्हंजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची असतात ना तेव्हा, बाया सकाळी खाचरात उतरतात त्या दिवेलागणीला वर येतात. मंग तान्ही पोरं कुठं ठेवायची? आमच्या टायमाला बांधावर प्लास्टिक अंथरून ठेवायचो. वरून पाऊस, खालून विंचू, नि पोरगं मधे. म्हणून पाड्यापाड्यावर पाळणाघर. निम्मी मुरबाड तालुक्यात, निम्मी शहापुरात, पार तानसाच्या जंगलापर्यंत. प्रत्येक पाळणाघराला एक ताई. जवळच्यांना माझ्या हातची गरम खिचडी, लांबच्यांना डाळ-तांदूळ बांधून. माझा टोप एवढा मोठा, की एकदा आमचा जीपवाला दीपेश घासायला आत उतरला तो जेवणाच्या वेळेलाच सापडला. बारीक हाय तो, पण तरी.

आधी संस्था ज्ञानेश्वर काका बघायचे. त्यांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यावर हाय. धसईला बाजार भरतो त्या दिशी पाळणाघरं बंद. अर्धं गाव बाजारात असतं. त्या दिशी सगळ्या ताया नि बाकीची माणसं ऑफिसात मीटिंगला यायची. वर्षभर असं. पण आवणी लागली की काका मीटिंग उचलून कोणाच्या तरी खाचरात न्यायचे. एका बाजाराला आमच्या सुपरवायझर चंदरच्या, पुढच्या बाजाराला पाळणाघरातल्या मंगळीच्या, मंग दीपेशच्या. त्याला आमी 'वार' म्हणायचो. आज चंदरचा वार, आज मंगळीचा वार. सगळी माणसं ओळीनं वाकलेली, हात चालू नि तोंड चालू. काका लेंगा वर खोचून मधे, रोपं लावता लावता विचारायचे, "गो मंगळे, तुझ्याकडं नाचणीचं पीठ संपलं का?" मंगळी ओरडायची, "संपलं, नि तुमचा पत्ता नाय!" एका दिवसात एकेकाचं शेत लावून व्हायचं नि मीटिंगपण व्हायची. ऑफिसातल्या मीटिंगीला जांभया यायच्या. चिखलातल्या मीटिंगीला भांडणं व्हायची, पण घरी जाताना सगळे एका जीपमधे गात जायचे.

काका थकले, पोरीकडं नाशिकला गेले. त्यांच्या जागी कुणालीताई आल्या. पडघ्याकडच्या. त्यांच्या घरची भातशेती होती, पण ताई शाळेत असतानाच तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं. त्यामुळं घराणं शेतकऱ्याचं नि पायाला चिखल ठाऊक नाय.

आता तुमी म्हणाल, आली असेल कोणी खडूस बाई. अजिबात नाय! तेच तर नवल. बाई चांगली. आपलं ताट आपण धुवायची. माझ्या हातचा चहा पिऊन 'अजून हाय का' विचारायची. पहिल्याच आवणीला ताईंनी सांगितलं, "यंदापासून वार बंद. त्याऐवजी प्रत्येकाला आवणीसाठी जादा पगारी सुट्टी. ज्याला जेव्हा पाहिजे तेव्हा घ्या, आपापलं शेत लावा. आणि बाजाराच्या दिवशी मीटिंग इथेच, हॉलमध्ये."

सुट्टी वाढवली. नि माणसं रुसली!

मी उभ्या आयुष्यात असं ऐकलं नव्हतं. सुट्टी कापली म्हणून रुसलेली माणसं मी बघितली. जादा दिली म्हणून रुसलेली? नि रुसली म्हंजे कशी? चंदर घरून कैरीचं लोणचं आणायचा, ते बंद. दीपेश पाड्यावर शिरताना हॉर्न वाजवायचा, त्यावर पोरं नाचायची; तो हॉर्न बंद. नि मंगळी, जिची जीभ करवतीसारखी, ती नुसती "हो ताई" म्हणायला लागली. मंगळी "हो ताई" म्हणते म्हंजे समजा तानसाचं पाणी डोंगर चढायला लागलं.

ताईंना ते कळलं. आंधळ्या नव्हत्या. त्यांनी कुठंसं ट्रेनिंग केलेलं होतं, तिथं शिकवलं होतं की माणसं नाराज असली तर त्यांना बोलतं करायचं. म्हणून हॉलमधे प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या. मधे काय नाय. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. ताईंच्या हातात चेंडू. ज्याच्याकडं चेंडू फेकला त्यानं मनातलं बोलायचं.

मी दारात चहाची किटली घेऊन उभी. हे सोडून मी जाणार होय?

ताईंनी चेंडू चंदरकडं फेकला. चंदरनं झेलला, बघितला, म्हणाला, "बरं हाय."

दीपेशकडं. "बरं हाय, ताई."

मंग एका पाळणाघराच्या ताईकडं. "मलापण बरं हाय."

मंगळीकडं आला. तिनं तो झेलला नि पदराखाली ठेवला.

"मंगलताई, बोला ना."

"काय नाय ताई. पोराला नेते खेळायला. चांगला हाय चेंडू."

कोणी हसलं नाय, बघा. काकांच्या टायमाला असल्या गोष्टीवर छप्पर उडालं असतं.

सगळे गेल्यावर ताई रिंगणात एकट्या बसल्या होत्या. मला दया आली. मी म्हणलं, "ताई, ह्या खुर्च्या रिकाम्या मांडून ठेवू नका हां. तानसाकडून बिबट्या येतो नि बसतो. पायावर पाय टाकून. मागं एकदा आला होता. मी चेंडू फेकला तर तोपण म्हणाला, बरं हाय."

ताई हसल्या. मंग डोळे पुसले. "आजी, बिबट्या तरी खरं बोलला असता."

मी खुर्ची ओढली. माझं एक असं हाय, की एखादी गोष्ट का झाली ते कळेना तर मला घास उतरत नाय. म्हणलं, "ताई, काकांचा वार तुमी बंद का केला?"

"कारण आहे."

"मंग सांगा की."

"ते सांगणं माझ्या हातात नाही, आजी."

झालं! आता मला कसला घास उतरतोय? सांगणं हातात नाय म्हंजे काय? वरच्या साहेबांनी सांगितलं? पैसे देणाऱ्यांनी? ताईंना चिखलाची भीती? मी काय नाय करून बघितलं. भातावर तुपाची धार वाढवली. करटोलीची भाजी केली, त्यांना आवडते म्हणून. आल्याचा चहा एवढा कडक केला की कप आपोआप टेबलावरून दोन बोटं वर उचलला गेला. ताई सगळं खायच्या, पियाच्या, 'छान झालंय' म्हणायच्या, नि तोंड बंद.

इकडं स्वयंपाकघरात मात्र सगळं ऐकू यायचं. ऑफिसात जे बोलायचं नाय ते माझ्या चुलीपाशी बोलायचं, हा नियम कोणी केला नाय पण सगळे पाळतात. बाजाराच्या आधी एक दिवस सगळे डाळ-तांदूळ न्यायला आले होते. चंदर पोत्यावर बसला नि बोलायला लागला.

"राबात पेरलेली रोपं माझी गुडघ्याला लागली. आता नाय लावली तर पिवळी पडायची. मी नि बायको, दोघं. सुट्टी घेतली, लावलं, काय झालं? खाचराचा एक कोपरा. सुट्टीला काय हात असतात?"

"मंग सांग ना ताईंना," मी म्हणलं.

"काय सांगू? तुमी जादा सुट्टी दिली म्हणून मला राग आला? लोक थुंकतील तोंडावर."

मंगळी म्हणाली, "काकांनी आमाला माणसात ठेवलं होतं. ही बाई एकेकाला सुट्टं सुट्टं करते. आज वार बंद, उद्या म्हणेल तुमीपण बंद. त्याच्यापेक्षा आपणच करू. सोमवारी सगळ्या चाव्या हिच्या टेबलावर ठेवायच्या. चालव म्हणावं तुझी पाळणाघरं चेंडूवर."

"सगळ्या?" दीपेश म्हणाला.

"सगळ्या. जीपची पण."

सोमवारी चाव्या म्हंजे मंगळवारपासून पोरं बांधावर. ऐन आवणीत! मी पोरं बांधावर ठेवलेली हाय, मला माहीत हाय बाई खाचरात एका डोळ्यानं रोप बघते नि दुसऱ्यानं पोर. मी म्हणलं, "अगो पण पोरांचं काय?"

"ते तिला विचार," मंगळी म्हणाली. पण माझ्याकडं न बघता.

रुपा तिथंच होती. रुपा जवळच्याच पाड्यावरची ताई, शांत पोरगी. माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. मी बघते तर सुपातले खडे काढायची नि परत सुपातच टाकायची. मी म्हणलं, पोरीला झोप लागत नसेल. सूप तिच्या हातातून काढून घेतलं.

मंग उजाडला बाजाराचा दिवस. ताईंनी सकाळीच खुर्च्या मांडल्या. चेंडू नव्हता, तो मंगळीकडं. त्यांनी फळ्यावर मोठं लिहिलं होतं, 'आज मनमोकळं बोलू या'. मी चहा टाकला. माणूस येईना. टोपात चहा उकळून उकळून एवढा घट्ट झाला की त्याची वडी पडली असती. दहा वाजले, अकरा वाजले. जीप अंगणात उभी, चावी आतच, दीपेश नाय.

ताई दारात आल्या. "आजी, कुठे आहेत सगळे?"

मी कशाला खोटं बोलू? "चंदरच्या खाचरात."

"मला कोणी बोलावलं नाही."

"मला तरी कुठं बोलावलं? चला."

"न बोलावता?"

"ताई, चंदरचा वार हाय. वाराला बोलावणं नसतं, बातमी असते."

मी नवा चहा क्यानमधे भरला, क्यान डोक्यावर घेतला नि निघालो. ताई छत्री घेऊन. पायवाटेवर छत्रीचं काय चालतंय? एका बांधावरून दुसऱ्यावर जाताना छत्री उलटी झाली, वाऱ्यानं ताईंनाच उचललं नि पलीकडच्या बांधावर अलगद ठेवलं. मी आपली पाण्यातून चालत गेले.

चंदरच्या खाचरात सगळी ओळ वाकलेली. कोणाचं प्लास्टिक निळं, कोणाचं पिवळं, मागून बघितलं तर रंगीत गाठोडी मांडलीत असं वाटावं. चंदर, त्याची बायको, दीपेश, मंगळी, शहापूरकडच्या तायापण पहाटेची गाडी पकडून आलेल्या. नि एका टोकाला रुपा. ताई बांधावर उभ्या राहिल्या.

"नमस्कार," म्हणाल्या.

एका बेडकानं उत्तर दिलं. बाकी कोणी नाय. हात सपासप चालू.

ताई उभ्याच. छत्री मोडलेली, चप्पल चिखलात. मला वाटलं ही आता मागं फिरणार नि ऑफिसात जाऊन कोणाला तरी फोन करणार. पण त्यांनी विचारलं, "चंदरदादा, मी उतरू का?"

चंदर वाकलेलाच. "खाचर काय ऑफिस हाय? हितं विचारून उतरायचं नसतं."

ताईंनी चपला काढल्या, सलवार वर खोचली नि उतरल्या. उतरल्या त्या मांडीपर्यंत. नि दुसऱ्याच पावलाला चिंबोरीनं त्यांचा अंगठा धरला. ताईंनी जी किंकाळी फोडली! कसाऱ्याला ऐकू गेली. घाट चढणारी मालगाडी जाग्यावर उभी राहिली, ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला की मेलं कोण. दीपेशनं चिंबोरी सोडवली नि रुमालात बांधली, रात्रीच्या कालवणाला.

मंगळीच्या शेजारी जागा होती तिथं ताई वाकल्या. रोपांची मूठ हातात घेतली, लावलं एक. ते तरंगून वर आलं. दुसरं लावलं, तेपण वर. मंगळीनं मान वळवली नाय, पण एवढा वेळ बंद असलेली करवत चालू झाली.

"खोल दाबा, ताई. ही काय फळ्यावर टाचणी टोचायची नाय."

"असं?"

"अंगठ्यानं. मूळ खाली जाऊ दे. तुमच्या पडघ्याला काय लावतात, सिमेंट?"

ओळीत कोणीतरी फिसकन हसलं. मी क्यान बांधावर ठेवला नि मीपण उतरले. लांबून ऐकू येत नाय ना नीट.

मंग काय झालं ते बघा. ताई वाकलेल्या, त्यांचं तोंड कोणाला दिसत नाय. बाकीच्यांची तोंडं ताईंना दिसत नाय. सगळ्यांचं बोलणं खाली चिखलात. दीपेशनं सुरुवात केली.

"पाड्यावरचे फोटो तिथूनच पाठवा म्हणता. रेंज नाय तिथं. रेंजसाठी मी टेकडीवर चढतो, तोवर खिचडी गार होते. मंग पोरं खात नाय."

"हे मला कोणी सांगितलं का नाही?" ताई म्हणाल्या.

"तुमी विचारलं नाय."

"विचारलं! खुर्च्या मांडून विचारलं!"

मंगळी म्हणाली, "खुर्चीवर बसून? सगळ्यांनी तोंडाकडं टकमक बघायचं नि आपण आपल्या मनातलं काढून द्यायचं? आमाला नाय जमत, ताई. लाज वाटते. हितं कसं, आपण चिखलाला सांगायचं. तुमाला ऐकू गेलं तर गेलं."

ताईंनी पुढचं रोप अंगठ्यानं दाबलं. ह्या वेळी ते उभं राहिलं. "मग सांगा चिखलाला," त्या म्हणाल्या. "मी लावतेय."

नि जी काय सुरू झाली माणसं! पाळण्याच्या दोऱ्या कुजल्यात. शहापूरच्या तायांना मीटिंगला यायचं म्हंजे दोन गाड्या बदलायच्या, नि उशीर झाला की ताई घड्याळाकडं बघतात. अंबूबाईच्या खिचडीत मीठ कमी असतं (हे कोणी म्हणलं ते मला माहीत हाय, त्याला मी बघून घेतलं). ताई एकेकाला उत्तर देत होत्या. काय मान्य, काय नाय. "फोटो लागतील, पण संध्याकाळी पाठवा." "घड्याळाकडं मी सवयीनं बघते, रागानं नाही." मंगळी म्हणाली, "मंग सवय बदला," नि ताई म्हणाल्या, "मग तुम्ही चेंडू परत करा." ह्यावर मात्र अख्खी ओळ हसली.

मला वाटलं, झालं. सुटलं. पण चंदर हसला नव्हता. त्यानं मूठ खाली ठेवली. कंबर वाकलेलीच, पण हात थांबलेले.

"हे सगळं बारीक सारीक झालं, ताई. काकांचा वार का बंद केला, ते सांगा."

ताईंनी अजून एक रोप दाबलं.

"वरनं सांगितलं कोणी?"

"नाही. माझा निर्णय होता."

"का पण?"

"ते मी सांगणार नाही, चंदरदादा."

"म्हंजे आमी परके," मंगळी म्हणाली. आता तिच्या आवाजात करवत नव्हती, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "आमच्या पोटातलं सगळं काढून घेतलं नि आपलं झाकून ठेवलं."

"कारण वाईट नाही. एवढा विश्वास ठेवा."

"कशावर?" चंदर म्हणाला. "सोमवारी चाव्या घ्या, ताई. आमचं ठरलंय."

पाऊस भुरभुरत होता. मी ताईंकडं बघितलं. त्यांनी ओठ दाबून धरले होते. एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. काय वाक्य ते कळत नव्हतं. पण बाई ते गिळत होती. नि पाळणाघरं गेली तरी गिळणार होती.

मंग मी ओळीकडं बघितलं. सगळ्यांची रोपं पुढं सरकलेली, फक्त एका टोकाला मोकळा चिखल मागं राहिला होता. रुपाच्या पुढ्यात. तिच्या हातातली मूठ अख्खीच्या अख्खी. एक रोप लावलेलं नाय.

"मी सांगितलं ताईंना," रुपा म्हणाली.

कोणाला आधी कळलंच नाय. "काय सांगितलं?"

"वार नको म्हणून. मी सांगितलं. ताई म्हणाल्या, तुझं नाव येऊ देणार नाय."

"रुपा, गरज नाही," ताई म्हणाल्या.

"हाय गरज." रुपा खालीच बघत होती. "दर आवणीला मी चंदरदादाकडं वाकते, मंगळीताईकडं वाकते, दीपेशकडं वाकते. नंतर माझा वार येतच नाय. येणार कुठून? मला खाचरच नाय. सगळ्यांची शेतं लागतात नि मी घरी जाते."

मंगळी म्हणाली, "जेवायला घालत नव्हतो होय तुला?"

"घालायच्या ना. चांगलं घालायच्या."

"मंग एवढी वर्षं बोलली का नाय? हितं सगळे बोलतात!"

"ज्याच्या चिखलात उभी त्यालाच कसं सांगू, की तुझ्या चिखलाचा कंटाळा आला?"

मी म्हातारी झाले, पण आवणीत अख्ख्या ओळीनं एकदम पाठ सरळ केलेली मी कधी बघितली नव्हती. एकेक करत सगळे उभे राहिले. आता तोंडं दिसायला लागली. चंदरचं तोंड असं, की त्याच्याच घरात त्याला कोणी वाट दाखवावी. त्याच्या मनात हा हिशोब कधी आलाच नव्हता. माझ्यापण आला नव्हता, नि मी तर दर वाराला तिच्या ताटात भात वाढायची. काकांच्यापण आला नसणार. नि ताई? त्यांना तो कळला, पण त्यांनी घाईनं वारच उपटून टाकला, चांगल्या रोपासकट.

मला राहवेना. मी म्हणलं, "रुपे, खाचर नाय ते समजलं. पण तुझं असं काय काम हाय का, जे एकटीला होत नाय?"

रुपानं चिखलाचा हात तसाच कपाळाला लावला. "मागची भिंत. कुडाची हाय. आतल्या कारवीच्या काठ्या सडल्यात, भिंत आत झुकली. गेल्या वर्षी एकटीनं लिंपली, ह्या पावसात परत सुटली. पोरं तिच्याखाली झोपतात."

"पावसात भिंत नाय व्हायची," चंदर लगेच म्हणाला. कामाची गोष्ट निघाली की तो माणसात येतो. "आत्ता टेकू देऊ, बांबू हायत माझ्याकडं. उद्याच देतो. भिंत दिवाळीनंतर. कारव्या मी तोडून आणतो."

"दिवाळीनंतरचा पहिला बाजार रुपाचा वार," दीपेश म्हणाला.

माफी मागणं मंगळीच्या जिभेला येत नाय, देवानं ती शीरच घातली नाय. तिनं आपल्या मुठीतली अर्धी रोपं काढली, चिखल तुडवत रुपाकडं गेली नि तिच्या हातात कोंबली. "हे घे. नि हितं माझ्या बाजूला ये. तिकडं टोकाला एकटी काय लावते?"

रुपा आली. ताईंच्या नि मंगळीच्या मधे उभी राहिली नि वाकली. मंग सगळे परत वाकले.

ताई म्हणाल्या, "वार परत सुरू. पण ज्याला शेत नाही त्यानं आपलं काम सांगायचं, भिंत, लाकडं, काहीही, आणि त्याचाही वार धरायचा. ज्याला यायचं नसेल त्याला सुट्टी आहेच, त्यानं का ते सांगायची गरज नाही. आणि चाव्या?"

"कसल्या चाव्या?" मंगळी म्हणाली. "सोमवारी माझ्याकडं पोरं यायचीत. पाळण्याला नव्या दोऱ्या पायजेत. आधी ते बघा."

"ताई, तुमचा वार कुठं धरायचा?" दीपेशनं विचारलं. "गोडाऊनमधे?"

"तिथं तर पाय ठेवू देत नाहीत आता," ताई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण वाकून. त्यांचं तोंड मला दिसलं नाय, नि मी बघायला गेले नाय.

दुपार ढळेपर्यंत चंदरचं खाचर हिरवं झालं. ताईंनी लावलेली ओळ वाकडी आली, एवढी वाकडी की पाणी तिच्यातून जाताना वाट चुकायचं. पण उभी राहिली. सोमवारी सगळी पाळणाघरं उघडली. नि लगेच सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. मंगळी नि ताई अजून भांडतात. हॉलमधल्या मीटिंगीला अजून जांभया येतात. काही ताया त्या वर्षी वाराला आल्या नाय, सुट्टी घेऊन घरी बसल्या. त्यांना कोणी विचारलं नाय. दिवाळीनंतर मात्र झाडून सगळे आले. कारव्या बांधल्या, माती नि शेण तुडवलं, ताईंच्या कोपरापर्यंत शेण, नि एका दिवसात भिंत उभी.

तर असं झालं. आता मघापासून तुमची कुजबुज चाललीय ती मला ऐकू येत नाय असं समजू नका. कोणाची मागची भिंत नवी, कोणत्या पाड्यावरची ताई, शोधायला लागलात. नका शोधू. ती भिंत बघून सगळ्यांनी आपापली मागायला सुरुवात केली, नि तेव्हापासून आमी एवढ्या भिंती लिंपल्या की आता जुनी भिंत शोधावी लागेल.

नि खरं सांगू? जरा पुढं सरका. त्या दिशी खाचरातून वर येताना ती पोरगी सगळ्यांना म्हणाली, 'माझी सासू ज्यांच्या शेतावर मजुरीला जाते त्यांच्या कानावर हे जाऊ देऊ नका, ते म्हणतील घरातच तक्रारखोर बाई हाय.' सगळ्यांनी मान हलवली. मीपण हलवली. म्हणून एवढं एक माझ्या पदरचं घातलं. तिचं नाव रुपा नाय.